कबुली बाद ठरली, खटला नव्हे

‘इंग्लंडमधल्या स्विंडन शहराचा टॅक्सीचालक ख्रिस्तोफर हॅलिवेल याने स्वतः जागा दाखवूनही तो दुसऱ्या खुनातून कायद्याच्या पळवाटेने सुटला,’ हे म्हणणे २०१६ पर्यंतच खरे होते. मार्च २०११ मध्ये नाइटक्लबमधून घरी निघालेल्या तरुणीला टॅक्सीतून पळवल्याबद्दल अटक झाल्यावर तपास अधिकारी स्टीव्ह फुल्चर यांनी त्याला ठाण्यात न नेता बार्बरी कॅसलच्या माळावर नेले आणि वकिलाविना, मौन बाळगण्याच्या हक्काची समज न देता त्याच्याशी बोलणे केले. त्यातून दोन मृतदेहांचा ठावठिकाणा लागला, पण ती कबुली न्यायालयाने पुरावा म्हणून नाकारली. परिणामी २०१२ मध्ये त्याला एकाच, म्हणजे त्या तरुणीच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली.

मात्र पोलिसांनी दुसरे प्रकरण सोडले नाही. हॅलिवेलच्या फावड्यावरची माती दुसरा मृतदेह सापडलेल्या ईस्टलीच गावच्या शेतातल्या, फारशा न आढळणाऱ्या मातीशी जुळली आणि २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या न्यायालयात (तेथे तो स्वतःच स्वतःचा वकील होता) दोषी ठरून त्याला मरेपर्यंत कारावास झाला. दरम्यान फुल्चर यांच्यावर गंभीर गैरवर्तनाचा ठपका येऊन त्यांनी नोकरी सोडली होती. नियम मोडला गेला हे मान्य करूनही मला तो ठपका जड वाटतो, कारण ती तरुणी तेव्हा जिवंत असेल या आशेवरच त्यांनी घाई केली होती.