मदत हवी आहे : फ्रेंचमधलं 'स्योदाम' म्हणजे काय? (तातडीचं)

घाईतला_घोडा : परवा परीक्षा आहे. सरावाच्या ऑडिओत एक माणूस 'बोंझूर स्योदाम' म्हणतो. शब्दकोशात नाही. कुणाचं नाव आहे का? पटकन सांगा.

चहाबाज : सुदाम असेल. आमच्या गावचा एक गेलाय तिकडे. 😄

मृण्मयी_क : कुठली परीक्षा, कुठली पातळी? बोलणारा कुठे आहे, समोर किती जण आहेत?

घाईतला_घोडा : फ्रेंचची डेल्फ, ए-२ पातळी, आणखी कुठली! किती जण ते कसं कळणार? ऐकायचंच तर आहे.

लिओंवाली_मावशी : अरे, ते 'मेस्यो-दाम', म्हणजे मेस्यो (पुरुष) आणि दाम (बायका), सगळ्यांना मिळून. इथे बेकरीत शिरताना रांगेतल्या अनोळखी लोकांनाही म्हणतात. आधी 'म्स्यो-दाम' होतं, मग 'म'ही गळतो आणि स्योदाम उरतं. एकट्या पुरुषाला 'म्स्यो', बाईला 'म्दाम'. शाळेत पोरं बाईंना हाक मारतात तीही 'म्दाम!' अशीच. तू पण बिनधास्त म्हण.

व्याकरणकाका : मावशी, पोराला बिघडवू नका. तोंडी परीक्षेत पूर्ण 'मस्यो', पूर्ण 'मादाम'. अनेकांना उद्देशून 'मेदाम, मेस्यो', बायका आधी. लिहितानाही पूर्ण शब्द. संक्षेप हवा तर मस्योचा नुसता एम आणि टिंब. एम-आर लिहिलंत तर ते इंग्रजी झालं.

लिओंवाली_मावशी : काका, त्याने ऐकलेलं विचारलंय, लिहायचं नाही. आणि 'मस्यो'तला एन आणि शेवटचा आर तुम्ही तरी कुठे उच्चारता? तेही झिजलेलंच की. मूळ 'मों स्यर', माझे धनी. आपल्याकडे साहेबाचा साब झाला, तसंच.

पोर्टलुईसकर : आमच्या मॉरिशसच्या क्रिओल बोलीत 'मिसिये' आणि 'मामझेल' असं लिहितातसुद्धा. आजी मराठीतून रागवायची आणि दुकानदाराला मिसिये म्हणायची.

मृण्मयी_क : मामझेल फ्रान्समध्ये जपून हं. थट्टेचं किंवा सलगीचं वाटतं. मुळात 'मादम्वाझेल' (मामझेलचं पूर्ण रूप, म्हणजे कुमारी) सरकारी फॉर्मांवरून २०१२ साली काढलंच. मोठ्या बाईला मादाम म्हटलेलं बरं, लग्न झालेलं असो वा नसो.

व्याकरणकाका : तो निर्णय चुकीचा होता. गोड शब्द होता.

मृण्मयी_क : गोड कुणाला, काका? पुरुषांना कुणी विचारत होतं का, लग्न झालंय की नाही ते?

विमानतळ_विनायक : व्हिसाच्या मुलाखतीला फॉर्मल शर्ट घाला. माझा पहिल्या फटक्यात झाला.

घाईतला_घोडा : व्हिसा कुणी विचारला? मावशी, आत्ता परत ऐकलं. आधी दाराची घंटी वाजते, मग स्योदाम, मग 'दोन बागेत (लांब पाव) द्या'. प्रश्न होता, 'संवाद कुठे चालू आहे?' मी लिहिलं, सुदामच्या घरी.

चहाबाज : बघा! मी सांगितलं होतं ना.

लिओंवाली_मावशी : 🤦 बेकरी रे बाबा. आता बाकीचे ऑडिओ ऐक, धागा बंद कर.