मदत हवी आहे : परिचारिकांचे समाधान आणि ताण वेगवेगळे कसे मोजावेत?

नमस्कार. मी एका धर्मादाय रुग्णालयात स्त्री-मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. व्यवस्थापनाने नुकताच परिचारिकांकडून एक फॉर्म भरून घेतला. ‘आपण कामाबद्दल समाधानी आहात का?’ या प्रश्नावर बहुतेकींनी ‘होय’ अशी खूण केली आणि त्याच आधारावर रात्रपाळीला एक जादा परिचारिका देण्याची आमची मागणी बाजूला ठेवण्यात आली.

मुलींनी खोटे लिहिले असे मला वाटत नाही. धाप लागून स्ट्रेचरवर आलेली बाई चालत घरी गेली की समाधान वाटतेच. पण रात्री दोघींवर भरलेला वॉर्ड, त्यात एका रुग्णाचे दर तासाला लघवीचे माप लिहायचे, तेवढ्यात ‘डॉक्टर का येत नाहीत’ म्हणून नातेवाईक अंगावर येतात, आणि सकाळी ओव्हर देताना (पुढच्या पाळीकडे काम सोपवताना) इंडेंट (वॉर्डच्या सामानाची मागणी-यादी) अपुरा राहिला म्हणून मेमो मिळतो तो वेगळाच. (घरी गेल्यावर झोपेआधी मुलांचे डबे असतात, हे कोणताच फॉर्म विचारत नाही.) मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडले होते की समाधान देणाऱ्या आणि असमाधान निर्माण करणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात, तेव्हा एका ‘होय’वरून ताण नाही असे ठरवणे मला पटत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका धरली आहे. ते प्रमाण लगेच मिळेल अशी आशा नाही, परंतु मागणी पुन्हा मांडायची तर हातात काही आकडे हवेत.

ग्रे-टॉफ्ट आणि अँडरसन यांची १९८१ ची ‘नर्सिंग स्ट्रेस स्केल’ ही ३४ प्रश्नांची प्रश्नावली मी पाहिली. तिच्यात कामाचा बोजा, रुग्णांचे मृत्यू, डॉक्टरांशी होणारे खटके हे सारे आहे. नातेवाइकांचा त्रास आणि वरिष्ठांशी होणारे वाद मात्र नंतरच्या विस्तारित आवृत्तीत स्वतंत्रपणे आले आहेत. आमच्यासाठी तीच बरी, असे मला वाटते.

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी कोणी ती मराठीत वापरली आहे का? तसेच, ड्युटी लिस्ट मीच लावत असल्याने फॉर्मही मीच वाटले तर कोणी मोकळेपणाने लिहिणार नाही. छोट्या वॉर्डात वय आणि नोकरीची वर्षे विचारली तरी बाई कोण ते ओळखू येते. मग नावाशिवाय, पण पाळीनिहाय माहिती कशी गोळा करावी?