मालिशने कणा सरळ होत नाही

दप्तराच्या ओझ्याने कणा वाकतो आणि मालिशने सरळ होतो, असं कुणी कुणी म्हणतं. दोन्ही चूक. वाढत्या वयातल्या बहुतेक स्कोलिओसिसचं, म्हणजे कणा बाजूला वाकण्याचं, कारण सापडतच नाही, आणि मालिशवाल्याकडे जे सहा महिने जातात, त्यातच मुलीची उंची भराभर वाढते, सोबत बाकही.

घरी बघा: पाठ उघडी, पाय जुळवलेले, गुडघे ताठ, हात जोडून खाली सोडून पुढे वाकायला सांगा. मागून पाठीच्या पातळीत नजर आणा. एका बाजूच्या फासळ्या उंच दिसल्या तर नागपूरला किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे उभ्यानेच, पूर्ण कण्याचा. झोपवून काढला की बाकाचा कोन कमी दिसतो.

वाढ शिल्लक असताना 25 ते 40 अंशांच्या बाकाला ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, देतात. 2013 च्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस घातलेल्या 72 टक्के मुलांचा बाक 50 अंशांच्या आत राहिला, नुसत्या देखरेखीत 48 टक्के. जितके तास जास्त, तितका फायदा जास्त.

आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात 45 डिग्रीत ब्रेस अंगावर ठेवणं, हीच खरी अडचण. आत बिनशिवणीची घट्ट सुती बनियन, एकही चुणी नको. घामाने भिजली की लगेच बदला. मलम लावू नका, कातडी मऊ पडून सोलते. दुपार टाळून संध्याकाळी 5 ते सकाळी 8 घातला तरी 15 तास भरतात; डॉक्टरांना विचारून तसं ठरवा.