मदत हवी आहे: लोड बॅलन्सर नवीन सर्व्हरला कनेक्टच होत नाहीये

रात्रपाळी:
सकाळपासून डोकं धरून बसलोय. लोड वाढला की ऑटोस्केलिंग नवीन सर्व्हर उभा करतं, लोड बॅलन्सर (सर्व्हरांमध्ये रिक्वेस्ट वाटणारा) त्याला अनहेल्दी, म्हणजे तपासणीत नापास, ठरवतो, मग तो उडवला जातो, परत नवा येतो, परत तेच. जुने दोन व्यवस्थित चालतायत. कनेक्शन नक्की कुठे तुटतंय ते कसं बघायचं? लवकर सांगा प्लीज, संध्याकाळी सेल सुरू होतोय.

जुना_अॅडमिन:
कुठलं क्लाउड? अॅप कशात आहे? अनहेल्दीच्या शेजारी कारण लिहिलेलं असतं, ते टाक इथे.

रात्रपाळी:
एडब्ल्यूएस (अॅमेझॉनचं क्लाउड), एएलबी (त्यांचा लोड बॅलन्सर). नोडचं अॅप, पोर्ट ३०००. कारणात फक्त 'हेल्थ चेक्स फेल्ड'.

कोथरूडकर:
सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे सर्व्हरची फायरवॉल. लोड बॅलन्सरच्या ग्रुपकडून ३००० उघडलेला नसणार. आमचे दोन दिवस गेले होते यात.

जुना_अॅडमिन:
नाही हो. ग्रुपने अडवलं तर पॅकेट गुपचूप गळतं, तेव्हा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसतं. इथे कनेक्शनच नाकारलं जातंय असं वाटतंय.

कोथरूडकर:
तरी एकदा बघायला काय जातं?

रात्रपाळी:
बघितलं, जुन्यांना आहे तोच ग्रुप आहे.

ढगवाला:
कुबरनेटिसवर (कंटेनर सांभाळणारी सिस्टिम) जा, ही कटकटच राहणार नाही.

जुना_अॅडमिन:
अहो संध्याकाळी सेल आहे त्याचा, आज कुठे कुबरनेटिस? रात्रपाळी, ऑटोस्केलिंग ग्रुपमध्ये 'रिप्लेस अनहेल्दी' सस्पेंड कर म्हणजे मशीन मरणार नाही, मग आत जाऊन एसएस -एलटीएनपी मार (कोण कुठल्या पत्त्यावर, पोर्टवर ऐकतंय ते दिसतं) आणि कर्ल (रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) लोकलहोस्टवर, म्हणजे १२७.०.०.१ वर, नको, मशीनच्या स्वतःच्या प्रायव्हेट आयपीवर मार.

रात्रपाळी:
लोकलहोस्टवर २०० (सगळं ठीक) येतोय!! प्रायव्हेट आयपीवर कनेक्शन रिफ्यूज्ड. एसएसमध्ये १२७.०.०.१:३००० दिसतंय.

जुना_अॅडमिन:
मग सापडलं. अॅप फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतंय. ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या आयपींवर, बाइंड कर. जुन्या मशीनची एन्व्ह फाइल (सेटिंग्जची) बघ, कोणीतरी हाताने होस्ट टाकला असेल आणि लाँच टेम्प्लेटमध्ये (नवा सर्व्हर बनतो तो साचा) घालायचा राहिला असेल.

रात्रपाळी:
अगदी तेच! टेम्प्लेटमध्ये टाकलं. पण नवा सर्व्हर तरी पहिली चार मिनिटं अनहेल्दीच दाखवतोय, यूझर डेटात (सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट) एनपीएम इन्स्टॉल (पॅकेजेस उतरवणं) चालतं ना.

जुना_अॅडमिन:
हे आधी सांगायचं ना. ग्रेस पिरियड, म्हणजे नव्या सर्व्हरच्या हेल्थ चेककडे ग्रुप दुर्लक्ष करतो तो वेळ, किती आहे? कन्सोलमधून ग्रुप बनवला तर ३०० सेकंद असतो, सीएलआयने (कमांड लाइनने) बनवताना दिला नाही तर ०.

रात्रपाळी:
सीएलआयनेच बनवला होता, ० च आहे. ४२० केला.

जुना_अॅडमिन:
ठीक. सेल झाला की सगळं इन्स्टॉल करून एएमआय (तयार सर्व्हरची इमेज) बनवून ठेव, गर्दीत चार मिनिटं फार होतात. आणि सस्पेंड केलेलं रिझ्यूम कर, विसरू नकोस.

रात्रपाळी:
केलं रिझ्यूम. चारही हेल्दी आहेत, मनापासून आभार दादा.