प्रतिसाद: जेवणानंतरची प्रार्थना

वर चर्चेत म्हटलंय की यहुदी आणि ख्रिस्ती दोघंही जेवायच्या आधी आभार मानतात. यात एक भर घालतो. यहुदी परंपरेत जास्त वजन जेवणानंतरच्या प्रार्थनेला आहे, तिला 'बिरकत हमाझोन' म्हणतात. आधार थेट तोरातला (यहुदी धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांतला), त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन ८:१०: खाऊन तृप्त झालास की देवाला धन्यवाद दे. भुकेल्या माणसाला देव आठवतोच, पोट भरल्यावर विसर पडतो. मला हा क्रम म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

भाकर खाल्ली असेल तरच ही पूर्ण प्रार्थना. तिघं एकत्र जेवले तर एकजण बाकीच्यांना आवाहन करून सुरुवात करतो. पहिला आशीर्वाद अन्नासाठी, दुसरा भूमीसाठी, तिसरा जेरुसलेमसाठी. चौथ्याची कथा चटका लावणारी आहे. इ.स. १३५ मध्ये रोमनांनी बेतार हे यहुद्यांचं तटबंदीचं गाव पाडलं, मृतांना पुरूही दिलं नाही. पुढे दफनाची परवानगी मिळाली तेव्हा यावने या गावच्या यहुदी धर्मपंडितांनी हा आशीर्वाद जोडला, असं तालमूद हा यहुदी धर्मचर्चांचा ग्रंथ सांगतो. म्हणजे रोजच्या जेवणाच्या पानावर त्या मृतांची आठवण निघते!

ख्रिस्ती बाजूला 'दिदाखे' या अगदी जुन्या ग्रंथाचा दहावा अध्याय जरूर वाचा. तिथेही तृप्त झाल्यावर आभार मानायला सांगितलंय: अन्नपाण्यासाठी धन्यवाद, आणि शेवटाकडे चर्चला चारही दिशांतून एकत्र आणण्याची विनवणी. घडण बरीचशी यहुदी प्रार्थनेसारखी आहे. मठांमध्ये जेवणानंतरचे आभार पुढेही टिकले. घराघरांतून मात्र जेवणाआधीचीच प्रार्थना जास्त रुळली.