मदत हवी आहे: एचएमटी 2511 च्या ऑइलमध्ये पाणी येतंय, ब्लॉक खरंच गेला का?

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातून लिहितोय. घरी एचएमटी 2511 आहे, 25 एचपी, दोन सिलिंडर. गावात तिला सगळे झेटरच म्हणतात, आणि ते चूकही नाही. 1971 पासून पिंजोरला एचएमटीने ट्रॅक्टर काढायला घेतले ते चेकोस्लोव्हाकियातल्या झेटरच्याच डिझाइनवर. आमची बरीच वर्षं खळ्यात पत्र्याखाली उभी होती. दिवाळीनंतर चालती करायला घेतली. टाकी धुतली, नोझल टेस्ट करून आणले, वायरिंग नवीन केली, सेल्फ बांधून घेतला. चालू झाली, आवाज एकदम गोल. आणि मग हे निघालं.

लक्षणं अशी:

डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. ऑइल ताकासारखं पांढरट झालंय. रेडिएटरचं पाणी गाडी नुसती उभी असली तरी उतरतं. सकाळी चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या तबकाचा) ड्रेन बोल्ट चार आटे सैल केला की आधी स्वच्छ पाणी निघतं, मग ऑइल. सायलेन्सरमधून पांढरा धूर मात्र नाही. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालवली तर पाण्यात बुडबुडेही दिसत नाहीत.

गावातल्या मिस्त्रीने ड्रेन बोल्टमधून पडणारं पाणी पाहिलं आणि निकाल दिला, "ब्लॉक क्रॅक आहे, दुसरा पाहा, नाहीतर भंगारात द्या." त्याने हेड (सिलिंडरवरचं झाकण) उचललेलं नाही, चेंबर उतरवलेलं नाही. ब्लॉकला तडा जायला काही कारण लागतं. आपल्याकडे पाणी गोठून ब्लॉक फुटायचा प्रश्नच नाही, मे महिन्यात 45 डिग्रीत आपणच वितळतो. गाडी कधी पाण्याशिवाय तापल्याचंही घरात कुणाला आठवत नाही.

तर विचारायचं असं, की काहीही विकत घेण्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते घरच्या घरी कसं पकडायचं? दुसरं, एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय 2016 मध्येच झाला, तेव्हा लायनर (पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी) आणि पिस्टन आता कुठे बघायचे? घाई नाही. आखाजी झाली, यंदाची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होईल. वडिलांना फक्त पोळ्याच्या आत ती फाटकाबाहेर निघालेली बघायचीय.

तापीकाठ (रावेर):
काय भो, मिस्त्रीनं म्हटलं म्हणून ब्लॉक गया का? भंगारमा देऊ नको. आमच्याकडे केळीच्या बागेत अजून एक 2511 ट्रॉली ओढते. पहिलं काम, ती गाडी अजिबात चालू करू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग फार टिकत नाहीत आणि मग क्रँकचा खर्च मागे लागतो.

लेथवाला_धुळे:
तुमचा संशय बरोबर आहे. या इंजिनला वेट लायनर आहेत, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी खेळतं. ते पाणी चेंबरमध्ये उतरू नये म्हणून लायनरच्या खालच्या टोकाला रबर रिंगा असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबर कडक होतं, चपटं होतं. बंद गाडीत पाणी उतरतंय, धूर नाही, बुडबुडे नाहीत, म्हणजे पहिला संशय या रिंगांवर. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) सिलिंडरच्या बाजूला फाटलं असतं तर गॅसचा दाब पाण्यात शिरून रेडिएटर उकळल्यासारखा उसळला असता. गॅस्केट पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) भोकांकडे गळत असेल तर बुडबुडे येत नाहीत, म्हणून ती शक्यता अजून खोडू नका.

आता पकडायचं कसं. ऑइल पूर्ण काढा. गाडीला भक्कम लाकडी ठोकळे द्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. चेंबर उतरवा, आतला क्रँक, रॉड, सगळं कोरडं पुसून घ्या. रेडिएटर वरपर्यंत भरा, खाली कोरा पुठ्ठा अंथरा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी टॉर्च घेऊन खालून बघा, पुठ्ठ्यावरच्या डागाच्या बरोब्बर वर.

थेंब लायनर आणि ब्लॉकच्या सांध्यातून लोंबत असेल तर रिंगा गेल्या. लायनरच्या आतून, पिस्टनच्या कडेने ओलं येत असेल तर गॅस्केट, हेडची चीर किंवा लायनरला पडलेलं सुईएवढं भोक. पाणी पुशरॉडच्या बाजूने उतरत असेल तर हेड उचला. यातलं काहीच नसेल आणि ब्लॉकच्या अंगावरच ओली रेघ दिसत असेल, तेव्हाच क्रॅक म्हणायचं. तीसुद्धा आधी डाय (चीर दाखवणारा रंग) टाकून खात्री करायची.

रात्रीत काही दिसलं नाही तर रेडिएटरच्या तोंडावर बूच बसवून सायकलच्या पंपाने थोडा दाब द्या. पाच पीएसआय खूप झाला, जुन्या रेडिएटरच्या नळ्या त्यापुढे भरवशाच्या नसतात.

पऱ्हाटी (पारोळा):
पार्टबद्दल. 2511 आणि तीन सिलिंडरची 3511 एकाच खानदानातल्या, दोन्हींचं बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 95 एमएम, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 110. दुकानदार 2511 ऐकून नाही म्हणाला तर 3511 चं विचारा. सेट तीनचा मिळाला तर एक लायनर शिल्लक राहील, राहू द्या. नंतरच्या मोठ्या बोअरच्या झेटरचा माल मात्र कुणी "बसून जाईल" म्हणून माथी मारेल, म्हणून व्हर्निअर घेऊन जा. बाहेरचं माप, कॉलरची जाडी, रिंगांची जागा, तिन्ही मोजा. जळगाव-धुळ्यात नाही मिळालं तर दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात चौकशी करा, जुन्या ट्रॅक्टरचा माल तिथे निघतो.

मूळ धागाकर्ता:
मंडळी, पुठ्ठ्यावर डाग मिळाला. मागच्या सिलिंडरच्या लायनरखाली, सांध्यातूनच थेंब. ब्लॉक आणि पुशरॉडची बाजू कोरडी ठाक. पुढचा लायनरही कोरडा आहे.

हेड उचलून दोन्ही लायनर पुलरने काढले. रिंगा बोटाने दाबल्या तर चुरा झाल्या. लायनरच्या बाहेर बोअरवेलच्या पाण्याचा क्षार असा जाड बसलाय की खरवडताना पत्री वाकली. पण अडचण अशी, की ब्लॉकमध्ये रिंग जिथे टेकते तिथे गंजून खड्डे पडलेत, एक तर नखाला स्पष्ट अडतो. नवी रिंग त्यावर पाणी धरेल का? मेटल पुट्टी भरावी म्हणतोय. बिग-एंडची (रॉड क्रँकला जोडतो तिथली) बेअरिंगं काढून पाहिली, ती एकसारखी राखाडी आहेत, तांबं दिसत नाही.

लेथवाला_धुळे:
बेअरिंग वाचली, हे मोठं काम झालं. खड्डा रिंगच्या वर, पाण्याच्या बाजूला असेल तर नुसता साफ करून सोडला तरी चालतं. रिंग दाबते त्याच पट्ट्यात असेल तर पुट्टी चालते, पण तेल आणि गंज पूर्ण काढून, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने गोलाई परत आणली तरच. खड्डे गोल फिरून सगळीकडे असतील तर ब्लॉक मशीनवर घेऊन बुश टाकावा लागेल.

आणखी एक. लायनरची कॉलर बसते ती वरची खोबण क्षारापासून स्वच्छ करा. लायनर ब्लॉकच्या वर किंचित उठून राहायला हवा, तरच हेड गॅस्केट त्याला दाबून धरतं. ते बोटाने चाचपून कळत नाही, डायल गेज लावून मोजा आणि दोन्ही लायनर सारखे आणा. कमी भरलं तर कॉलरखाली शिम (पातळ पत्र्याची रिंग) टाका. रिंगा साबणाच्या पाण्यात भिजवून बसवा, ग्रीस किंवा शेलॅक थापू नका. आणि पिस्टन घालण्याआधी पुन्हा पाणी भरून रात्रभर पुठ्ठ्याची परीक्षा घ्या, नाहीतर सगळं परत खोलायची पाळी येईल. हेड उतरलंच आहे तर त्याचं फेसिंगही (खालचा पृष्ठभाग सपाट आहे का) बघून घ्या.

तापीकाठ (रावेर):
आणि परत बोअरवेलचं पाणी भरू नका भो. पावसाचं धरून ठेवा, नाहीतर आरओचं आणून त्यात कूलंट टाका. त्याआधी रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्या, त्याच्या नळ्याही लायनरसारख्याच भरलेल्या असतील.

मूळ धागाकर्ता:
खड्डा दाबाच्या पट्ट्यातच आहे, पण एकाच जागी, बाकी गोलाई साफ. आधी पुट्टी करून पाहतो. डायल गेज आमच्याकडे नाही. अमळनेर-चोपडा बाजूला कुणाकडे स्टँडसकट असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देईन.