हेडफोनमधली घुंऽऽ, खरखर, टक्टक् : तुमचे अनुभव सांगा

काल भाचीचा फोन. "मामा, लॅपटॉपला हेडफोन लावला की आत कुणीतरी घुंऽऽ करतंय." म्हटलं, चार्जर काढ. आवाज गप्प. तिला जादू वाटली, मला एकदम गिरगावातली आमची खोली आठवली.

२०११ साल असेल. लाकडी बोर्ड, दोन भोकांचा सॉकेट, तीन पिनांचा चार्जर बसवायला कनव्हर्टर. हेडफोनमध्ये सतत घुंऽऽ, आणि लॅपटॉपच्या पत्र्यावर बोटं फिरवली की झिणझिण्या. पत्र्यावर तळवा टेकला की आवाज कमी व्हायचा, उचलला की परत सुरू! महिनाभर मी साउंड ड्रायव्हर काढत-घालत बसलो. आई म्हणायची, तंबोरा कोण छेडतंय. शेवटी खालच्या मजल्यावरचे वायरमन काका आले, बोर्ड बघितला, हेडफोन कानाला लावलाच नाही. "अरे, अर्थिंगच नाही तुझ्याकडे." चार्जरमधून जो जरासा करंट गळतो, त्याला जमिनीत जायला वाट नाही. मग तो पत्रा, हेडफोनची वायर, आपला हात, जिथून मिळेल तिथून जातो. अर्थिंगची वायर ओढून तीन पिनांचा सॉकेट बसवला, तंबोरा बंद.

तुमच्याकडे काय काय वाजलंय?

मुलुंडची मावशी
माझं वेगळंच. गाणं थांबलं की थोड्या वेळाने टक्! परत लावलं की टक्! रात्री दचकायचे. लेक म्हणाला, साउंड चिप वीज वाचवायला झोपते नि उठते. त्याचं लिनक्स, पॉवर सेव्हच्या जागी १ होता तिथे ० केला. गेलं. कुकर झाला, येते.

खारीबिस्कीट
मी तर अर्थची पिनच मोडली, आवाज खल्लास 😎

मामा (धागाकर्ता)
नको रे बाबा! ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे. आजच्या आज चार्जरची वायर बदल.

खारीबिस्कीट
बरं बरं. बायकोही हेच म्हणाली, जास्त आवाजात.

लॅमिंग्टन_रोडवाला
दुकानात असे रोज येतात. आधी दुसरा हेडफोन लावा, मग चार्जर काढून बघा, मग यूएसबीचं साउंड कार्ड. माउस हलवला की किर्र होतं ना? ते लॅपटॉपच्या आतल्या सर्किटचं, यूएसबीवाल्यात बहुतेक जातं. पावसाळ्यात जॅकमध्ये ओल धरते, त्याची खरखर निराळी. बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल, पिन चार-पाचदा आत-बाहेर, वाळू द्या. एकाने खोबरेल ओतून आणला होता.

मुलुंडची मावशी
खोबरेल 😂😂 जॅकला की केसांना?

तिसरी_सीट
आवाजावरून आठवलं, मुंबई लोकलचे जुने डीसी विजेवरचे रेक सुटताना कसे घुरघुरायचे! १५०० व्होल्टवाले. हार्बरला २०१६ पर्यंत होते, मी वाशीहून त्यातच झोपायचो. आताच्या गाड्यांत झोपच लागत नाही.

खारीबिस्कीट
विषय हेडफोनचा आहे काका

तिसरी_सीट
हेडफोन मी लावतच नाही. म्हणून तर ऐकू यायचं.

दुपारची_झोप
जुना टूजी मोबाईल लॅपटॉपशेजारी असला की हेडफोनमध्ये टिडिक टिडिक टिर्रर्र. रिंग वाजायच्या आधी मला कळायचं, ह्यांचा फोन. दर शुक्रवारी दादरला उतरले की करायचे, "काही आणायचंय का?" आता नवा फोन, आवाज नाही. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. विषयाला धरून नाही, पण लिहिलं.

मामा (धागाकर्ता)
ताई, लिहिलंत ते बरं केलंत. आणि काय आणायला सांगायचात?

दुपारची_झोप
अळूची पानं. नेहमी विसरायचे.

मुलुंडची मावशी
आमचे पण. जुडी मेथीचीच येते.

तिसरी_सीट
मामा, गिरगावात कुठे? आम्ही फणसवाडी.

मामा (धागाकर्ता)
अहो, मग शेजारीच की! खाडिलकर रोड. वायरमन काका तुमच्याकडेही यायचे का, एक कान बांधलेले?